दहा टक्के म्हणजे नेमके किती?

२०२० सालच्या मे महिन्यात, शाळा-महाविद्यालये बंद असताना, आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. दहावीला गणितात चांगला होता. आवाजावरून बाब गंभीर वाटली. "सर, एक सल्ला हवाय. आठवा नग घेऊन संच पुरा करू, की हातातले तीन बदलू?"

आम्हांला काही उलगडा होईना. खोदून विचारले तेव्हा कळले, की प्रश्न संगणकावरच्या एका खेळातल्या कपड्यांचा आहे. त्याने खेळातले एक वाक्य वाचून दाखवले. संचाचे आठही नग अंगावर असले, की ठरावीक मंत्र टाकल्यावर १०% वेळा पुढचा मंत्र क्षणात टाकता येतो, असा त्याचा अर्थ होता. आम्ही तोंडी हिशोब केला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "अरे, शंभरातले दहा मंत्र फुकट. म्हणजे अकरा टक्के फायदा. आठवा नग घे."

त्याने तो घेतला. कित्येक आठवडे खेळून गटात साठवलेले गुण त्यापायी खर्च केले. महिन्याभराने पुन्हा फोन. "सर, फरक काही दिसत नाही." या खेपेस आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सल्ला चुकलेला होता. चूक गुणाकार-भागाकाराची नव्हती. कशाची टक्केवारी काढायची, हेच आम्ही पाहिले नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते त्या पोशाखाचे परीक्षण आहे आणि आमच्या उत्तराची दुरुस्तीही आहे. खेळ न खेळणाऱ्या शिक्षकांनीही ते वाचावे, कारण ही चूक खेळापुरती नाही.

खेळ आणि त्यातला पोशाख

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधील 'ब्लिझर्ड एंटरटेनमेंट' या कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. हजारो खेळाडू इंटरनेटवरून एकाच कल्पित जगात वावरतात. प्रत्येकाने एक भूमिका निवडायची: कोणी ढालवाला योद्धा, कोणी बरे करणारा पुरोहित, कोणी जादूगार. मोठ्या शत्रूंशी लढायला त्या काळी चाळीस जणांचा गट लागे. शत्रू पडला की काही वस्तू मिळत. त्या चाळिसांत वाटून घ्यायच्या, म्हणून गटागटांत गुण साठवण्याच्या पद्धती निघाल्या.

जुलै २००५ मध्ये या खेळात 'ब्लॅकविंग लेअर' नावाची गुहा उघडली. प्रत्येक भूमिकेसाठी आठ नगांचा एकेक नवा संच आला. त्याचे बहुतेक नग या गुहेत मिळत. जादूगाराच्या संचाचे नाव 'नेदरविंड'. मुकुट, खांद्यावरचे आवरण, झगा, मनगटपट्टे, हातमोजे, कंबरपट्टा, विजार आणि बूट असे त्याचे आठ नग. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने खेळाचे हे जुने रूप 'क्लासिक' या नावाने पुन्हा खुले केले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यात ही गुहाही उघडली. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रश्न अशा रीतीने आमच्या विद्यार्थ्यापुढे नव्याने उभा राहिला.

सुट्या नगांवर आपापले आकडे असतातच. त्याखेरीज एकाच संचाचे काही नग एकदम अंगावर असले, की जादा लाभ मिळतो. त्याला 'सेट बोनस' म्हणतात. नेदरविंडला असे तीन बोनस आहेत:

३ नगांवर: फ्रॉस्टबोल्ट, फायरबॉल, स्कॉर्च व आर्केन मिसाइल्स या मंत्रांमुळे शत्रूचा ओढवणारा रोष कमी होतो.

५ नगांवर: आर्केन एक्स्प्लोजन, फ्लेमस्ट्राइक व ब्लिझर्ड या सभोवार मारा करणाऱ्या मंत्रांची त्रिज्या २५% वाढते.

८ नगांवर: फ्रॉस्टबोल्ट, फायरबॉल किंवा आर्केन मिसाइल्स टाकल्यावर १०% वेळा पुढचा मंत्र (मुळात दहा सेकंदांपेक्षा कमी वेळ घेणारा) तत्काळ टाकता येतो.

वाचताक्षणी तिसरा बोनस सर्वांत मोठा वाटतो. आठ नगांची अट त्यालाच आहे, आणि 'तत्काळ' हा शब्दही भुरळ घालणारा आहे.

आठव्या नगाचा हिशोब

या गुहेतल्या आणि तिच्या आधीच्या गुहेतल्या पुष्कळ शत्रूंवर आगीचा परिणाम कमी होतो. म्हणून त्या काळचे जादूगार बहुधा बर्फाचा मारा, म्हणजे फ्रॉस्टबोल्ट, वापरत. हा मंत्र पुटपुटायला मुळात ३ सेकंद लागतात. कौशल्य वाढवले की २.५ सेकंद. १०० मंत्रांना २५० सेकंद झाले.

आमचा पहिला हिशोब असा होता: शंभरातले दहा मंत्र तत्काळ, म्हणजे शून्य सेकंदांचे. उरलेल्या नव्वदांना २२५ सेकंद. २५० भागिले २२५ म्हणजे १.११. फायदा ११%.

यात गफलत कुठे? खेळात एक नियम आहे. कोणताही मंत्र टाकला, मग तो तत्काळ का असेना, की त्याच्या सुरुवातीपासून १.५ सेकंद दुसरा मंत्र सुरू करता येत नाही. खेळाडू याला 'ग्लोबल कूलडाउन' म्हणतात. म्हणजे 'तत्काळ' मंत्रही वेळेच्या हिशोबात दीड सेकंदाचाच. अडीच सेकंदांचे दीड झाले. वाचला तो एक सेकंद.

आता नव्याने मांडू. नव्वद मंत्रांना २२५ सेकंद आणि दहा तत्काळ मंत्रांना १५ सेकंद, एकूण २४०. २५० भागिले २४० म्हणजे १.०४२. फायदा जेमतेम ४.२%.

तत्काळ टाकलेल्या मंत्रातूनही पुढचा बोनस मिळू शकतो, असे यात गृहीत धरले आहे. तसे नसेल तर अकरा मंत्रांमागे एक तत्काळ पडेल आणि फायदा ३.८% वर येईल. कसेही धरले तरी उत्तर चार टक्क्यांच्या आसपास. तीन मिनिटांच्या लढतीत बोनसविना ७२ फ्रॉस्टबोल्ट टाकता येतात, बोनससह ७५. आठ नगांच्या तपश्चर्येचे फळ: तीन मिनिटांत तीन जादा बोल्ट.

इथे एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "सर, पायरोब्लास्ट नावाच्या मंत्राला सहा सेकंद लागतात. तो तत्काळ टाकला तर साडेचार सेकंद वाचतील की!" हा सापळा आहे. सहा सेकंदांचा असल्यामुळेच तो मंत्र लांबलेल्या लढतीत कोणी एरवी टाकत नाही. जे काम आपण करणारच नव्हतो, त्यातला वाचलेला वेळ जमेस धरता येत नाही. तुलना करायची ती दीड सेकंदात पडलेल्या पायरोब्लास्टची, त्याच दीड सेकंदात पडू शकणाऱ्या फ्रॉस्टबोल्टशी. दुकानात कधीच न घेण्याजोगी महाग वस्तू निम्म्या किमतीत मिळाली म्हणून आपण श्रीमंत होत नाही, तसेच हे आहे.

पंचवीस टक्के मात्र पंचवीस नव्हेत

मधल्या बोनसकडे खेळाडूंचे लक्ष कमी जाते. त्यातली टक्केवारी उलट्या दिशेने फसवते. तिथे वाढते ती त्रिज्या. मारा होतो तो वर्तुळाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चा वर्ग १.५६. म्हणजे क्षेत्रफळ ५६% वाढले. आर्केन एक्स्प्लोजनची त्रिज्या १० यार्ड आहे, ती १२.५ झाली की माऱ्याखालची जमीन सुमारे ३१४ चौरस यार्डांवरून ४९१ वर जाते.

एका संचावर दोन टक्केवाऱ्या छापलेल्या आहेत. १० टक्के म्हटले तिथे प्रत्यक्षात चार आणि २५ म्हटले तिथे छप्पन्न. कंपनीने कोणाला फसवले असे नाही. दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी आहेत. टक्केवारी हे गुणोत्तर आहे, आणि 'कशाचे?' हा प्रश्न वाचणाऱ्याने विचारायचा असतो.

५६ हा आकडाही जपून वापरायला हवा. क्षेत्र वाढले म्हणून त्यात शत्रू तितकेच वाढतील असे नाही. ढालवाल्याने सगळे शत्रू एका जागी गोळा करून धरले असतील, तर लहान वर्तुळातही ते मावतात आणि जादा क्षेत्र रिकामे राहते. याच गुहेतल्या एका लांबलचक दालनात ड्रॅगनची पिल्ले पुन्हा पुन्हा उपजत आणि विखुरलेली असतात. तिथे मात्र हा बोनस आपली किंमत वसूल करतो. एकच बोनस एका दालनात मोलाचा आणि दुसऱ्यात निरुपयोगी. असे का होते, हे पाहायला आपल्याला रसायनशास्त्राच्या तासाला जावे लागेल.

आधी काय संपते?

४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून ३६ ग्रॅम पाणी होते. आता ऑक्सिजन ३२ ऐवजी ४० ग्रॅम घेतला तर? पाणी ३६ ग्रॅमच होईल. आठ ग्रॅम ऑक्सिजन तसाच उरेल. ऑक्सिजन २५ टक्क्यांनी वाढवला आणि पाणी शून्य टक्क्यांनी वाढले! कारण हायड्रोजन आधी संपतो. विक्रिया किती होणार हे जो पदार्थ आधी संपतो तो ठरवतो. पिकाचेही असेच. नत्र कमी पडत असेल तर स्फुरद कितीही टाका, कणीस भरत नाही.

जादूगारालाही तीन गोष्टी अडवतात. एक, वेळ: लढत चालू आहे तेवढ्यात जितके मंत्र बसतील तितके. दोन, 'माना' नावाचा साठा: प्रत्येक मंत्राला थोडा माना खर्ची पडतो, आणि तो संपला की जादूगार हात बांधून उभा. तीन, शत्रूचा रोष: जादूगाराने ढालवाल्यापेक्षा फारच जास्त रोष ओढवून घेतला, तर शत्रू ढालवाल्याला सोडून त्याच्यावर धावून येतो. खेळाचा नियम असा, की दूर उभ्या असलेल्याचा रोष ढालवाल्याच्या रोषाच्या १३०% पलीकडे गेला की हे घडते. जादूगाराचा कपडा पातळ. एकदोन फटक्यांत तो आडवा.

आता तीन बोनस पुन्हा पाहा. आठ नगांचा बोनस फक्त वेळ वाचवतो. एका मंत्राचा मारा त्याने वाढत नाही आणि मानाचा खर्चही घटत नाही. उलट मंत्र चार टक्के भराभर पडतात, म्हणून माना चार टक्के लवकर संपतो. लांबलेल्या लढतीत जादूगार मानामुळे अडत असेल, तर या बोनसचा लाभ जवळजवळ शून्य. तेवढेच मंत्र, थोडे आधी. आणि तो रोषामुळे अडत असेल, तर हात आखडता घ्यावा लागतोच. जादा वेगाचे करायचे काय?

याचे उत्तम उदाहरण याच गुहेत आहे. तिथला दुसरा मोठा शत्रू म्हणजे व्हेलास्ट्राझ हा ड्रॅगन. त्याच्या लढतीत सर्व खेळाडूंना तीन मिनिटे एक विशेष शक्ती मिळते आणि माना सतत भरत राहतो. मानाची अडचण संपली. ड्रॅगनला त्या तीन मिनिटांतच पाडायचे असते, म्हणून प्रत्येकजण जीव तोडून मारा करतो. तिथे पहिल्यांदा आडवी येते ती रोषाची मर्यादा. त्यात भर म्हणजे पुढे उभा असलेला ढालवाला ठरावीक काळाने जळून पडतो, आणि त्याची जागा घेणाऱ्याने पुरेसा रोष जमवलेला असावा लागतो. अशा लढतीत नेदरविंडचे तीन नग घातलेला जादूगार निर्धास्त मारा करू शकतो. सर्वांत स्वस्त, सर्वांत साध्या शब्दांतला पहिला बोनस इथे तिसऱ्यापेक्षा मोलाचा ठरतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: बोनसला स्वतःची अशी किंमत नसते. त्या घडीला आपल्याला जे अडवते आहे, ते तो किती सैल करतो, तेवढीच त्याची किंमत. कोणताही बोनस जोखताना पहिला प्रश्न 'किती टक्के?' हा विचारू नये. 'आधी काय संपते?' हा विचारावा.

समोरचा पर्याय

आमच्या विद्यार्थ्यापुढे दुसरी वाट होती. सप्टेंबर २००५ मध्ये (आणि 'क्लासिक'मध्ये एप्रिल २०२० मध्ये) खेळात 'ब्लडवाइन' नावाचा शिवलेला संच आला: झगा, विजार व बूट हे तीनच नग. हे नग बाजारात विकत मिळत. चाळीस जणांत वाटणीची वाट पाहायला नको. तीन नगांवर मिळून नेम लागण्याची शक्यता ४ टक्के-अंकांनी वाढते. खेळाडूने शिंपीकाम ३०० गुणांपर्यंत शिकलेले असेल, तर तीनही नग घातल्यावर जोरदार फटका बसण्याची शक्यता आणखी २ टक्के-अंकांनी वाढते.

हे तीन नग नेदरविंडच्या झगा, विजार आणि बूट यांच्याच जागा घेतात. आठातून तीन गेले, पाच उरले. म्हणजे नेदरविंडचे पहिले दोन बोनस शाबूत राहतात आणि फक्त तिसरा जातो. तुलना इतकी स्वच्छ क्वचितच मिळते: एका पारड्यात आठ नगांचा बोनस, दुसऱ्यात ब्लडवाइनचे लाभ.

हिशोब करू. मोठ्या शत्रूवर जादूगाराचा मंत्र मुळात ८३% वेळा लागतो. कौशल्यामुळे ६ मिळतात, म्हणजे ८९. वर कमाल मर्यादा ९९. एक टक्का कायम हुकणारच. दुसऱ्या कोणत्याही वस्तूची मदत नाही असे धरू. ब्लडवाइनमुळे ८९ चे ९३ झाले. ९३ भागिले ८९ म्हणजे १.०४५. फायदा ४.५%.

आता जोरदार फटका. बर्फाचे कौशल्य घेतलेल्याचा असा फटका दुप्पट लागतो. त्याची शक्यता आधी २०% धरली, तर सरासरी मारा १.२० पट. ती २२% झाली की १.२२ पट. भागाकार १.०१७. दोन्हींचा गुणाकार केला की एकूण फायदा सुमारे ६.२%.

इथे 'चारास चार' न होता ४.५ कसे झाले, हे मुलांना जरूर विचारावे. ८९ वर ४ ची भर पडली तर वाढ ४ ची नसून एकूणनव्वदांत चाराची आहे. टक्के आणि टक्के-अंक यांतला हा फरक बँकेच्या व्याजदराच्या बातम्यांतही नेहमी विसरला जातो.

आकड्यांत ६.२ विरुद्ध ४.२. शिवाय नेम चुकला तरी माना खर्ची पडतोच, म्हणून नेम सुधारला की तेवढ्याच मानात जास्त मारा होतो. जोरदार फटक्याचेही तसेच. म्हणजे ब्लडवाइनचा लाभ मानामुळे अडलेल्यालाही मिळतो, नेदरविंडचा मिळत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नेदरविंडच्या नगांवर बुद्धी व दम यांचे आकडे जास्त आहेत. बुद्धीने माना वाढतो, दमाने जीव वाचतो. म्हणून ब्लडवाइनची आघाडी आम्ही काढली त्याहून थोडी कमीच धरावी. दुसऱ्या वस्तूंमुळे नेम आधीच ९९ वर पोचला असेल, तर ते चार टक्के-अंक वाया जातात आणि ब्लडवाइनकडे १.७ टक्केच उरतात. मग आठवा नगच बरा. पुन्हा तेच: उत्तर वस्तूत नाही, तुम्ही कुठे अडला आहात त्यात आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या अंगावर नेम वाढवणारी दुसरी वस्तू जवळपास नव्हती. हा प्रश्न फोनवर आम्ही विचारलाच नव्हता.

'फरक दिसत नाही' याचा अर्थ

त्याची तक्रार मात्र वेगळी तपासली पाहिजे. फरक दिसत नाही म्हणून फरक नाही, असे म्हणता येईल का?

७५ बोल्टांत सरासरी साडेसात वेळा बोनस मिळेल. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. साधारण चारांपैकी तीन लढतींत तो ५ ते १० वेळा मिळेल. एखाद्या लढतीत दोनदा, एखाद्यात बारा वेळा. सलग वीस बोल्टांत एकदाही मिळणार नाही, याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२%. आठांत एक. इतकी साधी गोष्ट घडली की खेळाडू म्हणतो, 'बोनस बिघडला'.

त्यावर जोरदार फटक्यांची चढउतार आहे. ७५ बोल्टांत असे फटके सरासरी १५. पण १२ किंवा १८ मिळणे अगदी नेहमीचे. केवळ या चढउतारानेच एकूण मारा चार टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे होतो. आणि आपण शोधतो आहोत तो बोनसही चार टक्क्यांचाच! गजबजलेल्या वर्गात कुजबुज ऐकण्यासारखे हे आहे. ती स्पष्ट ऐकायची तर बोनससह आठ-दहा आणि बोनसविना आठ-दहा लढती तरी हव्यात, बाकी सारे तंतोतंत सारखे ठेवून. या गुहेत एक शत्रू आठवड्यातून एकदाच मारता येतो. म्हणजे एका शत्रूवर हा प्रयोग करायला चार-पाच महिने लागतील.

म्हणूनच जाणते खेळाडू एका लढतीच्या अनुभवावर विसंबत नाहीत. ते कागदावर हिशोब करतात किंवा संगणकाकडून हजारो लुटुपुटूच्या लढती लढवून सरासरी काढतात. पण संगणकालाही नियम आपणच सांगतो. ग्लोबल कूलडाउन सांगायचे राहिले, तर दहा हजार लढतींनंतर तोही ११% हेच चुकीचे उत्तर देईल, आणि ते दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत देईल.

वर्गात हे करून पाहायला संगणक लागत नाही. एका डब्यात दहा चिठ्ठ्या घ्या, एकीवर तांबडी खूण करा. प्रत्येक बाकावरची जोडी एकेक चिठ्ठी काढून परत टाकत ७५ वेळा नोंद करील. तांबडी किती वेळा आली ते फळ्यावर लिहून स्तंभालेख काढा. एखाद्या जोडीला तीन, एखादीला बारा मिळतील. सगळ्या वर्गाची सरासरी मात्र साडेसातच्या जवळ येईल. मग ज्या जोडीला तीनच मिळाल्या तिला विचारा, 'तुमचा डबा बिघडलाय का?'

आमचा निवाडा

नेदरविंड हा वाईट संच नाही. तीन नगांचा बोनस शब्दांत साधा आणि कामाला खरा. पाच नगांचा बोनस थोड्याच ठिकाणी उपयोगी, पण तिथे छापल्यापेक्षा मोठा. आठ नगांचा बोनस दिसायला सर्वांत देखणा आणि किमतीच्या मानाने सर्वांत हलका.

त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो डोळ्यांना दिसतो. जोरदार फटक्याचे दोन टक्के-अंक कोणाला जाणवत नाहीत. हातातला मंत्र अचानक सुटला की खेळणाऱ्याला आनंद होतो. खेळ करमणुकीसाठी असतो, आणि रचनाकाराने हा आनंद ओळखला होता. पण तो क्षण खेळाडूच्या हातात नाही. याच जादूगाराकडे 'प्रेझेन्स ऑफ माइंड' नावाचे कौशल्य असू शकते. त्यानेही पुढचा मंत्र तत्काळ होतो, पण दर तीन मिनिटांनी एकदा आणि आपण म्हणू तेव्हा. पळता पळता शेवटचा घाव घालायचा असतो, तेव्हा ते एकदाचे सांगून येणे साडेसात वेळा न सांगता येण्यापेक्षा कामाचे.

आमचा खरा आक्षेप आठाच्या अटीवर आहे. पाच नग झाले की सहावा आणि सातवा नग संचाच्या हिशोबात काहीच देत नाहीत. सारे बक्षीस आठव्यावर. सात नग जमवलेला माणूस म्हणतो, 'आता इतके केलेच आहे तर...' आणि झालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा खर्च ठरवतो. त्यातही या संचाचा झगा गुहेतल्या शेवटच्या शत्रूकडूनच मिळतो. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या 'बर्निंग क्रुसेड' या पुढच्या भागात कंपनीने ही रचना बदलली. नवे संच पाच नगांचे झाले आणि बोनस दोन व चार नगांवर आले. खेळाडूला एखादी जागा मोकळी ठेवता येऊ लागली. ही सुधारणा आम्हांला योग्य वाटते.

राहिला आमचा विद्यार्थी. त्याला आम्ही सगळा हिशोब कळवला आणि पहिले उत्तर चुकले होते हेही सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, दहावीला तुम्हीच शिकवलं होतं, टक्के दिसले की 'कशाचे?' विचारायचं." शिकवले होते खरे. त्याने तीन ब्लडवाइन नग विकत घेतले आणि नेदरविंडचे तीन पेटीत ठेवून दिले. त्यांत तो आठवा नग, म्हणजे झगाही होता.